विश्लेषण : ‘चला हवा येऊ द्या’ परतले, मग ‘पहिल्यासारखी मजा नाही’ असे का म्हटले जाते?

सुमारे सोळा महिन्यांच्या खंडानंतर ‘चला हवा येऊ द्या’ हा विनोदी कार्यक्रम २६ जुलै २०२५ रोजी झी मराठीवर परतला. नाव तेच होते. सूत्रसंचालक, मांडणी आणि बरेचसे चेहरे मात्र नवे. त्याच्याबरोबर एक ओळखीचा वादही परतला. एक गट म्हणतो, पहिल्यासारखी मजा राहिली नाही. दुसरा म्हणतो, नव्यांना जरा वेळ तर द्या. वाशीमसारख्या वऱ्हाडातील जिल्ह्यात या वादाला आणखी एक पदर आहे, तो बोलीचा. पडद्यावर आपली भाषा येते ती हसवायला, की हसण्यासाठी? जुने विनोदी कार्यक्रम परतले की असे तट का पडतात, त्यात आठवणींचा भाग किती आणि दर्जाचा किती, याचा हा आढावा.

वाद नेमका काय आहे?

‘चला हवा येऊ द्या’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये थांबले. साडेनऊ वर्षांत हजाराहून अधिक भाग झाले. थुकरटवाडी नावाचे काल्पनिक गाव, तिथे चित्रपटाच्या प्रचाराला येणारे कलाकार आणि त्यांच्यासमोर होणारी प्रहसने, असा साधा साचा होता. पोस्टमनच्या वेशातील सागर कारंडे यांनी वाचलेली, अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे हा त्यातला हळवा कोपरा. सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला जेवणे उरकून टीव्हीसमोर बसायचे, ही अनेक घरांची सवय झाली होती.

नव्या पर्वाला ‘कॉमेडीचं गँगवॉर’ अशी जोड मिळाली आणि कार्यक्रम शनिवार-रविवारी रात्री नऊला गेला. नाराज प्रेक्षकांचे आक्षेप साधारण तीन प्रकारचे आहेत. आवडते चेहरे नाहीत, हा पहिला. गावातल्या गप्पांची जागा स्पर्धेने घेतली, हा दुसरा. विनोद ओढूनताणून केलेला वाटतो, हा तिसरा. नव्या पर्वाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की जुना कार्यक्रमही शेवटच्या काही वर्षांत तेच तेच दाखवत होता. पुरुषाला साडी नेसवली की विनोद झाला, या समजुतीवर तो फार विसंबला होता आणि बदल हवाच होता.

हे तीन आक्षेप एकाच वाक्यात मिसळले जातात, म्हणून वाद सुटत नाही. चेहरा, मांडणी आणि लेखन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या तर चित्र बरेच स्पष्ट होते.

कोण आले, कोण गेले?

सर्वांत ठळक बदल म्हणजे डॉ. निलेश साबळे यांची अनुपस्थिती. जुन्या कार्यक्रमात ते केवळ सूत्रसंचालक नव्हते, तर लेखन आणि दिग्दर्शनाची धुराही त्यांच्याकडे होती. त्यांच्या जागी सूत्रसंचालनासाठी अभिनेते अभिजीत खांडकेकर आले. भाऊ कदम हेही नव्या पर्वाच्या चमूत नव्हते. जुन्यांपैकी श्रेया बुगडे, कुशल बद्रिके आणि भारत गणेशपुरे राहिले. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधून घराघरात पोहोचलेले गौरव मोरे आणि अभिनेते प्रियदर्शन जाधव यांची त्यात भर पडली. हे पाच जण आपापल्या ‘गँग’चे म्होरके आणि ऑडिशनमधून निवडलेले नवे विनोदवीर त्यांच्या हाताखाली, अशी रचना झाली.

म्हणजे बदल केवळ माणसांचा नव्हता. आधी ठरलेला एक चमू वर्षानुवर्षे एकत्र काम करत होता. कुणाच्या वाक्यानंतर कुणी थांबायचे आणि कुणी मध्येच तोंड घालायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. नव्या रचनेत अनोळखी कलाकारांना काही मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायची आहे, विनोद करायचा आहे आणि समोरच्या गँगवर मातही करायची आहे. पहिल्या काही भागांत घाई जाणवली असेल, तर त्याचे एक कारण या रचनेतच आहे.

चेहरे महत्त्वाचे, की कार्यक्रमाचे नाव?

याचे उत्तर शोधायला मराठी टीव्हीनेच गेल्या काही वर्षांत चांगली उदाहरणे देऊन ठेवली आहेत.

पहिले उदाहरण ‘फू बाई फू’चे. २०१०च्या सुमारास सुरू झालेल्या या कार्यक्रमाने मराठी टीव्हीला अनेक विनोदवीर दिले. ‘चला हवा येऊ द्या’चा कणा झालेले काही कलाकार त्याआधी इथेच लोकांना माहीत झाले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये झी मराठीने हे नाव पुन्हा आणले. त्यात ‘हास्यजत्रा’मुळे लोकप्रिय झालेले ओंकार भोजनेही होते. तरीही कार्यक्रम काही आठवड्यांतच गुंडाळावा लागला. गाजलेले नाव होते, लोकप्रिय चेहराही होता. पण तेवढ्यावर भागले नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ‘चला हवा येऊ द्या’ थांबल्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये निलेश साबळे आणि भाऊ कदम कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ घेऊन आले. इथे जुने नाव नव्हते, पण प्रेक्षकांना हवे असलेले चेहरे होते. हा कार्यक्रमही फार काळ टिकला नाही.

तिसरे उदाहरण हिंदीतले. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही मालिका २००४ ते २००६ या काळात चालली आणि बंद झाल्यानंतरच्या वर्षांत तिचा चाहतावर्ग वाढत गेला. २०१७ मध्ये ती हॉटस्टारवर परतली. मुख्य कलाकार तेच होते, लेखक आतिश कपाडिया हेही तेच. तरीही ‘पहिल्याची सर नाही’ अशी तक्रार बऱ्याच चाहत्यांनी केली.

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली तर एक गोष्ट दिसते. नाव एकटे चालत नाही आणि चेहरेही एकटे चालत नाहीत. दोन्ही असले तरी यशाची हमी नसते. ‘अमुक असते तर कार्यक्रम हिट झाला असता’ हे विधान म्हणूनच जितक्या ठामपणे केले जाते, तितके ते भक्कम नाही.

चेहरा बदलूनही काय टिकते?

चेहरे गेले आणि तरी कार्यक्रम टिकला, अशीही उदाहरणे आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधून विशाखा सुभेदार, ओंकार भोजने, गौरव मोरे असे मोठे कलाकार वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले. प्रत्येक वेळी ‘आता संपले’ असे म्हटले गेले. तरी कार्यक्रम चालत राहिला. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडगोळीकडे असलेली सूत्रे कायम राहिली, हे त्याचे मोठे कारण मानावे लागेल. पात्रे कशी घडवायची आणि कुणाला कोणती भूमिका शोभते, हे ठरवणारे डोके तेच होते.

रंगभूमीवरचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग. (नावात ‘वऱ्हाड’ असले तरी ते लग्नाचे वऱ्हाड आणि बोली मराठवाड्याची.) एकच माणूस ५२ व्यक्तिरेखा उभ्या करतो, तेव्हा त्या माणसाशिवाय प्रयोगाची कल्पनाही कुणी करणार नाही. देशपांडे यांचे २००९ मध्ये निधन झाले. पुढे अभिनेते संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुन्हा उभा केला आणि प्रेक्षकांनी स्वीकारला. कारण संहिता पक्की होती. त्यातली माणसे लेखनातच जिवंत होती. नव्या नटाला ती फक्त अंगावर घ्यायची होती.

याच जागी ‘चला हवा येऊ द्या’ची अडचण कळते. तिथे लिहिलेल्या पात्रांपेक्षा कलाकारांच्या लकबी मोठ्या झाल्या होत्या. भाऊ कदम यांनी नुसते वळून पाहिले तरी हशा पिकायचा. हा हशा लेखनाचा नव्हता, वर्षानुवर्षांच्या ओळखीचा होता. अशी ओळख दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

कार्टूनच्या दुनियेत हाच वाद कसा दिसतो?

चेहरा हेच खरे कारण असते, तर कार्टूनबाबत असा वाद व्हायलाच नको होता. चित्रातले पात्र म्हातारे होत नाही, मानधनावरून अडून बसत नाही आणि दुसऱ्या वाहिनीवरही जात नाही. तरीही परतलेल्या कार्टून मालिकांवर चाहते जितके भांडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर भांडत असतील.

सर्वांना माहीत असलेले उदाहरण ‘टॉम अँड जेरी’चे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेले लघुपट म्हणजे चाहत्यांच्या दृष्टीने ‘खरे’ टॉम अँड जेरी. त्यानंतर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले. मांजर तेच, उंदीर तोच. पण हालचाली, आवाज आणि मारामारीची लय वेगळी. आजही चाहते ते चटकन ओळखतात आणि बरेच जण नाके मुरडतात. पुढे चक जोन्स यांनी ३४ लघुपट केले, त्यांचीही तुलना मूळ मालिकेशीच होते. १९७५च्या मालिकेत तर टॉम आणि जेरी चक्क मित्र झाले, कारण मुलांच्या कार्यक्रमांतील मारामारीवर त्या काळात अमेरिकी टीव्हीवर बंधने आली होती. भांडणच गेल्यावर उरले काय, असा प्रश्न पडला.

अमेरिकेची ‘फ्युचरामा’ ही विनोदी कार्टून मालिका तर बंद होणे आणि परत येणे यासाठीच प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये सुरू, २००३ मध्ये बंद. नंतर डीव्हीडी चित्रपट, २०१० ते २०१३ दुसऱ्या वाहिनीवर आणि २०२३ पासून हुलू या ओटीटीवर पुन्हा. शेवटच्या पुनरागमनापूर्वी बेंडर या यंत्रमानवाचा आवाज देणारे जॉन डिमाजिओ यांच्याशी करार लगेच झाला नाही, तेव्हा चाहत्यांनी मोठा गदारोळ केला. अखेर मार्च २०२२ मध्ये ते परतले. आवाजाचा प्रश्न मिटला. मग नवे भाग आल्यावर चर्चा लेखनाकडे वळली. ताज्या घडामोडींवरचे विनोद लवकर शिळे होतात आणि जुन्या भागांत असलेली भावनिक खोली कमी झाली, अशी टीका झाली. काहींना मात्र नवे भाग तितकेच आवडले.

ऑगस्ट २०२५ मध्ये परतलेल्या ‘किंग ऑफ द हिल’ने वेगळा मार्ग घेतला. १९९७ ते २०१० या काळात चाललेल्या या मालिकेने पात्रांची वये वाढवली. शाळकरी बॉबी आता कर्ता तरुण झाला. मधली वर्षे गेली हे मालिकेने स्वतःच मान्य केल्याने, प्रेक्षकांनाही जुन्याच जागी अडून बसण्याचे कारण कमी उरले.

मराठीत असा वाद कार्टूनवरून होत नाही, कारण दीर्घकाळ चाललेली मराठी विनोदी कार्टून मालिकाच जवळपास नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली आणि प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला, इतकी जुनी परंपरा असूनही टीव्हीच्या काळात ती वाढली नाही. आपली मुले ‘मोटू पतलू’ पाहून हिंदी शिकली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाची जी माया कार्टूनच्या पात्रांवर जडायची, ती प्रहसनातल्या माणसांवर जडली.

जुन्या भागांशी तुलना कितपत न्याय्य?

इथे मोबाइलची भूमिका मोठी आहे. जुन्या ‘चला हवा येऊ द्या’चे भाग ओटीटीवर आहेत आणि त्यातली गाजलेली प्रहसने तुकड्या-तुकड्यांनी सतत समोर येत असतात. त्यामुळे नव्या पर्वाची स्पर्धा दुसऱ्या वाहिनीशी नंतर, आधी स्वतःच्याच जुन्या भागांशी आहे. आणि ही स्पर्धा समसमान नाही.

कारण आपल्यापर्यंत पोहोचते ती हजार भागांतली निवडक प्रहसने. फसलेले विनोद कुणी पुढे पाठवत नाही. साडेनऊ वर्षांतले कंटाळवाणे मंगळवार लोक विसरले. लक्षात राहिले ते पोट धरून हसवणारे दिवस. एका बाजूला दहा वर्षांतले सर्वोत्तम आणि दुसऱ्या बाजूला या आठवड्याचा पूर्ण भाग, रडतखडत चाललेल्या मधल्या दहा मिनिटांसह. अशा तुलनेत नवे नेहमीच हरणार.

दुसरी गोष्ट पाहण्याच्या पद्धतीची. २०१४ मध्ये घरातले चौघे एकत्र बसून टीव्ही पाहायचे. एक हसला की दुसरा हसायचा. आज तोच माणूस कानात हेडफोन घालून एकटा पाहतो आणि तीस सेकंदांत हसू आले नाही तर बोट पुढे सरकवतो. थुकरटवाडीचा विनोद सावकाश रंगणारा होता. तो या कसोटीवर आज उतरला असता का, ही शंका रास्त आहे.

पण सगळा दोष आठवणींवर ढकलून चालणार नाही. जुन्या कार्यक्रमात गाव होते. ते खोटे असले तरी तिथे ये-जा करणारी माणसे प्रेक्षकांच्या ओळखीची होती. स्पर्धेच्या रचनेत पात्र दर आठवड्याला बदलते आणि लक्ष विनोदाकडून निकालाकडे जाते. हा आक्षेप आठवणीतून आलेला नाही, तो मांडणीवरचा आहे आणि त्यात तथ्य आहे.

वाहिन्या जुनेच नाव का परत आणतात?

नव्या कार्यक्रमाचे नाव लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातीवर मोठा खर्च होतो, वेळही लागतो. जुने नाव ही तयार ओळख असते. जाहिरातदाराला समजावून सांगावे लागत नाही आणि पहिल्या भागाला किमान कुतूहलापोटी तरी प्रेक्षक येतो. शिवाय नवे पर्व आले की ओटीटीवरचे जुने भागही पुन्हा पाहिले जातात.

याची दुसरी बाजूही आहे. जुने नाव प्रेक्षक आणते, तशी अपेक्षाही आणते. हाच कार्यक्रम वेगळ्या नावाने आला असता, तर ‘साबळे कुठे आहेत’ हा प्रश्न कुणी विचारला नसता. मग पहिल्या दिवशी पाहणारेही कमी असते. नाव उधार घेतले की त्याचे व्याज असे फेडावे लागते.

टीआरपीवरून निकाल लागतो का?

वादात दोन्ही बाजू टीआरपीचा दाखला देतात. ‘बार्क’ ही संस्था देशभरातील पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मीटरवरून आठवड्याची प्रेक्षकसंख्या काढते. मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र-गोवा हा बाजार धरला जातो. त्यातून किती जणांनी किती वेळ टीव्ही पाहिला, हे कळते. त्यांना मजा आली का, हे कळत नाही.

शिवाय फोनवर पाहिलेली क्लिप या मोजणीत येत नाही. वाशीमच्या ग्रामीण भागात हा फरक महत्त्वाचा ठरतो. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात पाचापैकी चार जण खेड्यात राहतात. ऐन खरिपात दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री नऊला टीव्ही लावेलच असे नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर बसून दोन प्रहसने फोनवर पाहील. तो टीआरपीत दिसणार नाही. म्हणून कमी टीआरपी म्हणजे वाईट कार्यक्रम आणि जास्त व्ह्यूज म्हणजे उत्तम कार्यक्रम, ही दोन्ही समीकरणे अर्धवट आहेत.

वाशीमकरांसाठी यात काय पणाला आहे?

मराठी विनोदी कार्यक्रम बहुतेक मुंबईत लिहिले आणि चित्रित केले जातात. त्यात ‘गाव’ येते ते कुठल्याही जिल्ह्याचे नसलेले. भाषा साधारण पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची. या सगळ्यात वऱ्हाडी बोली लक्षावधी घरांत नेण्याचे श्रेय अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांना द्यावे लागेल. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे शब्द पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना त्यांच्यामुळे ओळखीचे झाले. नव्या पर्वातही ते गँगचे म्होरके होते, ही वऱ्हाडासाठी जमेची बाजू.

मात्र इथेच खरी मेख आहे. बोली विनोदाचे साधन असते, तेव्हा ती वापरणाऱ्याचा मान वाढतो. बोली हाच विनोद होतो, तेव्हा तो कमी होतो. एखादे पात्र मंचावर येऊन ‘मले काऊन बलावलं?’ एवढेच म्हणते आणि हशा पिकतो. रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाला कळत नाही की यात हसण्यासारखे काय झाले. त्याच्या घरी हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलले जाते.

याउलट हा संवाद पाहा. ‘सोयाबीन कसं झालं?’ ‘मस्त झालं. इकाले नेलं तं हमालीचे पैसे घरून द्या लागले.’ इथे हसू येते ते उच्चारांमुळे नाही. परिस्थितीचा चिमटा आहे, म्हणून येते. हेच वाक्य प्रमाण मराठीत सांगितले तरी विनोद शिल्लक राहतो. वऱ्हाडीत तो अधिक धारदार होतो इतकेच. वऱ्हाडी विनोदाची खरी परंपरा ही आहे. गंभीर चेहऱ्याने, कमी शब्दांत, स्वतःच्या हालावर आधी हसायचे. ‘मिर्झा एक्स्प्रेस’मधून गावोगाव हशा पिकवणारे दिवंगत कवी डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ताकद हीच होती. त्यांना बोलीचे सोंग आणावे लागले नाही.

त्यातही ‘वऱ्हाडी’ ही एकसंध भाषा नाही. वाशीम जिल्ह्याच्या सीमा अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा आणि हिंगोली अशा पाच जिल्ह्यांना लागून आहेत. हिंगोलीच्या बाजूला गेले की मराठवाड्याची झाक येते, पोहरादेवीच्या परिसरात बंजारा बांधवांची गोरमाटी कानावर पडते. टीव्हीवर मात्र विदर्भ म्हटला की वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडी अशी सरमिसळ एकाच पात्राच्या तोंडी घातली जाते. नव्या पर्वावर मराठी समाजमाध्यमांत जी चर्चा झाली, ती बहुतेक चेहऱ्यांभोवती फिरली. वऱ्हाडच्या प्रेक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. लिहिणाऱ्यांत आपल्याकडचे कुणी आहे का?

स्थानिक कलाकारांना खरेच दार उघडले का?

राज्यभरातून ऑडिशन घेऊन नव्यांना मंच देणे ही या पर्वाची सर्वांत आश्वासक बाजू. जुन्या पर्वातही ‘होऊ दे व्हायरल’सारख्या उपक्रमांतून नवे कलाकार शोधले गेले होते. गणेशोत्सवात एकांकिका करणाऱ्या, गॅदरिंग गाजवणाऱ्या तालुक्याच्या मुलाला यामुळे निदान रस्ता दिसतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने कारंजा-मालेगावकडून मुंबईला जाणे सोपे झाले, हेही खरे.

पण प्रवास सोपा झाला म्हणून मुंबईत राहणे परवडते असे नाही. तालमी, चित्रीकरणाच्या तारखा, एका भागानंतर पुन्हा बोलावतील की नाही याची अनिश्चितता, हे सगळे पोटापाण्याचा धंदा सांभाळून करायचे असते. स्पर्धेच्या रचनेत तर एक प्रहसन पडले की परतीचे तिकीट. भाऊ कदम किंवा भारत गणेशपुरे एका रात्रीत घडले नाहीत. त्यांना चुकायला आणि पुन्हा उभे राहायला वर्षे मिळाली होती. तेवढी उसंत नव्यांना मिळणार नसेल, तर त्यांची जुन्यांशी तुलना करणे योग्य ठरणार नाही.

म्हणूनच अनेक तरुण दुसरी वाट धरतात. फोनवर चित्रीकरण, गावातलेच कलाकार, दोन मिनिटांची रील. कुणी प्रसिद्ध कार्टूनच्या चित्रांवर वऱ्हाडी आवाज चढवून त्यांना थेट पाणंद रस्त्यावर आणून सोडतो. त्यात पैसा बेभरवशाचा आणि उथळपणाही भरपूर. पण भाषेचा निर्णय मुंबईतला लेखक घेत नाही, बोलणारा स्वतः घेतो. टीव्हीच्या विनोदाला खरे आव्हान इथून आहे.

मग नव्या पर्वाचे मोजमाप कसे करावे?

पहिल्या दोन भागांवरून निकाल देऊ नये, हे तर झालेच. त्यापलीकडे काही साध्या कसोट्या लावता येतात.

एक, डोळे मिटून प्रहसन ऐकावे. चेहरा न दिसताही हसू आले तर लेखनात दम आहे. दोन, नव्या कलाकाराला नाव आणि स्वभाव असलेले पात्र मिळाले का आणि ते पुढच्या आठवड्यांत परत आले का, हे पाहावे. पात्र टिकले तरच जिव्हाळा तयार होतो. तीन, बोलीतला विनोद प्रमाण मराठीत मनातल्या मनात सांगून पाहावा. तिथे काहीच उरत नसेल, तर हसू विनोदाला नव्हते, उच्चाराला होते. चार, तुलना करायचीच तर जुन्या कार्यक्रमाचा निवडक तुकडा न घेता एखादा पूर्ण भाग शेवटपर्यंत पाहावा आणि मग बोलावे.

या कसोट्या लावल्या तर दोन्ही गटांना थोडे थोडे मागे सरावे लागेल. जुन्यांच्या चाहत्यांना मान्य करावे लागेल की त्यांना हवे असलेले चेहरे दुसऱ्या वाहिनीवर उपलब्ध होते, तेव्हा तो कार्यक्रमही तग धरू शकला नाही. नव्याच्या समर्थकांनाही मान्य करावे लागेल की ‘संधी द्या’ हे आवाहन कलाकारासाठी ठीक आहे, ढिसाळ लेखनासाठी नाही. ‘फू बाई फू’ला प्रेक्षकांनी २०२२ मध्ये काही आठवडेच दिले होते. वाहिन्या पुढेही जुनी नावे परत आणतील, कारण नवे नाव रुजवणे महाग आहे. त्या नावामागे लेखकांची फळी उभी करण्यावर किती खर्च होतो आणि त्या फळीत वाशीम-अकोल्याकडचे किती जण असतात, यावर पुढच्या पुनरागमनाची मजा ठरेल.